अंतराळात कॅसिनो बांधायचा, तर दोरी किती लांब लागेल?

अंतराळ हॉटेलांचे चकाचक व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येत असतील. ऑर्बिटल असेंब्ली या अमेरिकी कंपनीने 2021 मध्ये सांगितलं होतं, की त्यांचं फिरतं 'व्हॉयेजर' हॉटेल 2027 मध्ये सुरू होईल. त्याचा एकही भाग अजून कक्षेत गेलेला नाही. घोडं कुठे अडतं, ते कॅसिनोचं उदाहरण घेऊन सांगतो.

वजनरहित अवस्थेत फासे टेबलावर पडतच नाहीत, रूलेटची गोळी खाचेत बसत नाही. म्हणजे कृत्रिम गुरुत्व हवं, आणि त्यासाठी सगळा डोलारा गोल फिरवायला हवा. जोरात फिरवला तर पाहुण्यांना गरगरेल, म्हणून मिनिटाला 2 फेऱ्या धरू. मग पृथ्वीइतकं वजन जाणवायला केंद्रापासून सुमारे 224 मीटर अंतर लागतं. चाक बांधायचं तर व्यास जवळपास 450 मीटर! 109 मीटर रुंदीचं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जोडतानाच 1998 ते 2011 इतकी वर्षं गेली.

म्हणून दोरीची आयडिया. एका टोकाला कॅसिनो, दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन, मध्ये केबल. 1966 मध्ये जेमिनी-11 यान आणि एजिना रॉकेट 30 मीटरच्या पट्ट्याने बांधून फिरवलं गेलं. गुरुत्व तयार झालं, पण अगदी नावापुरतं. 1996 मध्ये कोलंबिया यानातून उपग्रहासह सोडलेली केबल जवळपास 20 किलोमीटर उलगडली, विजेच्या ठिणगीने जळून तुटली आणि उपग्रह दूर निघून गेला. त्या उपग्रहात माणसं नव्हती. कॅसिनोत असतील. आपल्या हिशेबातली केबल तुटली, तर ते ताशी सुमारे 170 किलोमीटर वेगाने भिरकावले जातील.

अडचणी अजून आहेत. पाहुण्यांचं यान फिरत्या टोकाला जोडणं फार अवघड. मधोमध उतरवलं, तर तिथून 224 मीटरची लिफ्ट हवी. जॅकपॉट लागला म्हणून सगळे एका कोपऱ्यात धावले, की कॅसिनो डोलू लागेल. आणि 1 मीटरवरून सोडलेला फासा सरळ खाली न पडता सुमारे 6 सेंटीमीटर बाजूला पडेल.

मला विचाराल तर कल्पना अशक्य नाही, फक्त आधी माणसांशिवाय लांब केबलवर चाचण्या व्हायला हव्यात. तोवर कुणी ॲडव्हान्स बुकिंग मागितलं, तर एकच प्रश्न विचारा: केबल तुटली तर आम्हाला परत कोण आणणार?