झोपेची गोळी म्हणजे उपचार नव्हे!

जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. मुक्या जनावराला वाचा फुटली म्हणून चैत्रात तिथे यात्रा भरते. त्याच आळ्याच्या मळ्यांतल्या वस्त्यांवर आज बोलती माणसं मुकी होत चालली आहेत. मुलगा चाकणला कंपनीत, सून-नातवंडं भोसरीत आणि सत्तरीची म्हातारी कांद्याच्या चाळीची राखण करत एकटी. दिवस कलला की बिबट्याच्या धास्तीने दाराला कडी. मग रात्रभर डोळे टक्क उघडे.

दवाखान्यात ती ‘मला नैराश्य आलंय’ असं सांगत नाही. ‘झोप येईना, छातीत धडधडतंय, जेवण जात नाही, आता जगून तरी काय करायचंय,’ असं सांगते. उत्तर ठरलेलं: ‘आजी, वय झालं आता!’ आणि हातावर झोपेची गोळी. वयालाच रोग ठरवून मोकळं होणारी ही वैद्यकी नव्हे, हा निर्लज्ज आळस आहे. गोळीच्या गुंगीत म्हातारं माणूस रात्री उठतं, पडतं, खुब्याचं हाड मोडून घेतं. मनातलं दुःख मात्र जागच्या जागी!

‘वय झालं’ हे उत्तर नवं नाही. पन्नाशीपुढे मनाची लवचीकता उरत नाही, त्या वयात मनोविश्लेषण कुचकामी, असं १९०४ साली या उपचारपद्धतीचा जनक सिगमंड फ्रॉइड सांगून गेला. तेव्हा तो स्वतः ४८ वर्षांचा होता. तो समज केव्हाच मोडीत निघाला. इंग्लंडच्या सरकारी सेवेत संवादोपचारांनी बरे होण्याचं प्रमाण तरुणांपेक्षा ज्येष्ठांत अधिक दिसतं.

पण इंग्लंड कशाला? शेजारी गोवा आहे! तिथल्या आरोग्य केंद्रांत डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी नैराश्याची सुरुवातीची लक्षणं असलेल्या, साठीपुढच्या १८१ जणांचा अभ्यास केला. उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेले साधे समुपदेशक होते. एकेक अडचण कशी सोडवायची, झोपेची घडी कशी बसवायची, मधुमेह कसा सांभाळायचा, सरकारी योजना पदरात कशी पाडून घ्यायची, हेच त्यांनी शिकवलं. वर्षभरात नेहमीच्याच सेवेवर राहिलेल्या ९० पैकी १३ जणांना तीव्र नैराश्याने गाठलं. समुपदेशन मिळालेल्या ९१ पैकी फक्त चौघांना. हे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. आमच्या आरोग्य खात्याने ते वाचले का?

सरकारकडे कागदांना तोटा नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. मानसिक आरोग्यसेवा प्राथमिक केंद्रापर्यंत मिळालीच पाहिजे, असं बजावणारा कायदा २०१७ चा. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, काठी, कमोड खुर्चीसोबत ‘मनःस्वास्थ्य केंद्र’ही आहे, एकरकमी तीन हजार रुपयांत सगळं! पैसे खात्यात येतील, पण आळ्याच्या म्हातारीने हे केंद्र कोणत्या फाट्यावर शोधायचं? जखमी बिबट्यासाठी याच तालुक्यात माणिकडोहला निवारा केंद्र आहे, आणि ते असावंच. मन खचलेल्या माणसासाठी मात्र लोकांच्या तोंडी एकच नाव येतं, येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं, तेही टिंगलीत.

आणि सरकारला झोडून आपण नामानिराळे राहायचं कारण नाही. ‘बाहेरचं झालंय’ म्हणून अंगारा लावणारे आपणच. दहाव्याला गाव जेवू घालणारी, पण जिवंतपणी बापाशी दहा मिनिटं न बोलणारी मुलंही आपलीच.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक प्रशिक्षित समुपदेशक नेमा, त्याला नियमित पगार द्या, आठवड्याचा एक दिवस ज्येष्ठांसाठी राखून ठेवा. आशा सेविकांवर हे काम फुकटात लादू नका. तोवर १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक घराघरांत लिहून ठेवा. आणि येत्या ग्रामसभेत रस्ता-गटाराच्या आधी ‘समुपदेशक कधी नेमणार?’ हा प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका!