'सर्व्हर डाऊन' म्हणजे नेमकं काय होतं? आणि सेवा बंद न करता दुरुस्ती करता येते का?

खरीप 2025 ची ई-पीक पाहणी आठवते? 1 ऑगस्टला नोंदणी सुरू झाली. शेतकऱ्यांसाठी मुदत होती 14 सप्टेंबरची. पण अ‍ॅप उघडत नाही, फोटो जात नाही, सर्व्हर डाऊन आहे, अशा तक्रारी वऱ्हाडासह राज्याच्या अनेक भागांतून येत राहिल्या. त्यात पावसानं गाठलं. शेवटी मुदत सप्टेंबरअखेरपर्यंत न्यावी लागली.

अमरावती-अकोल्यातल्या कापूस आणि सोयाबीनवाल्यांसाठी ही नोंद म्हणजे नुसता सरकारी सोपस्कार नाही. सातबाऱ्यावर पीकच दिसलं नाही, तर हमीभावाच्या खरेदी केंद्रावर अडचण येते आणि नुकसानभरपाईच्या वेळी वाद होतो.

मग हे 'सर्व्हर डाऊन' प्रकरण नेमकं असतं काय?

एक सर्व्हर नसतोच

लाखो लोक वापरतात ती सेवा एका कॉम्प्युटरवर चालत नाही. ती शेकडो कॉम्प्युटरांवर वाटलेली असते. मग प्रश्न येतो, या सगळ्यांमध्ये मुख्य कोण? कोणतं काम कोणाकडे? ताजी माहिती कोणाजवळ? हे ठरवणाऱ्या यंत्रणेला समन्वय सेवा म्हणतात.

यातलं जुनं आणि गाजलेलं नाव आहे झूकीपर. याहू कंपनीच्या संशोधन विभागात ते तयार झालं. तिथल्या बऱ्याच प्रकल्पांना प्राण्यांची नावं होती. या सगळ्या प्राण्यांना सांभाळणारा कोणीतरी हवा, म्हणून हे नाव पडलं. आज ते अपाची फाउंडेशनकडे आहे आणि कोणालाही मोफत वापरता येतं.

आपल्या देशातलं उदाहरण म्हणजे 'डिजिट'. नंदन निलेकणी आणि श्रीकांत नाधमुनी यांनी 2003 मध्ये सुरू केलेल्या ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशननं ते बनवलं. पंजाबसारख्या राज्यांत नगरपालिकांच्या ऑनलाइन सेवा त्यावर चालतात. त्याच्या रचनेत काफ्का ही निरोप पोहोचवणारी यंत्रणा आणि तिच्या जोडीला झूकीपर आहे.

तीन मुनीम, एक भाव

समजा, अकोल्याच्या बाजार समितीत तीन फाटकांवर तीन मुनीम बसले आहेत. तुरीचा भाव तिघांच्या वहीत एकच असला पाहिजे. नियम असा, की किमान दोघांनी लिहिल्याशिवाय नवा भाव पक्का होत नाही.

एक मुनीम चहाला गेला तरी उरलेले दोघं काम चालवतात. दोघं गेले, तर उरलेला एकटा काहीच पक्कं करत नाही. तो गप्प बसतो.

झूकीपर असंच वागतं. तीन सर्व्हर असतील तर एक बंद पडलेला चालतो, पाच असतील तर दोन. चार ठेवून फायदा नाही, कारण चारात बहुमत तिघांचं, म्हणजे तेव्हाही एकच बंद पडलेला चालतो. म्हणून हा आकडा बहुतेक वेळा विषम असतो.

बहुमत गेलं की ही यंत्रणा मुद्दाम थांबते. चुकीची नोंद होण्यापेक्षा नोंद न झालेली बरी, असा तिचा हिशेब. तुम्हाला मात्र स्क्रीनवर फक्त गोल फिरताना दिसतो.

अपग्रेड करताना अडतं कुठे?

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकायची तर प्रत्येक सर्व्हर थोडा वेळ बंद करावाच लागतो. तिन्ही एकदम बंद केले तर सेवा ठप्प. म्हणून एकेक करायचा. आधी दुय्यम सर्व्हर, सगळ्यात शेवटी मुख्य. आणि पहिला परत येऊन राहिलेली माहिती भरून घेत नाही, तोवर दुसऱ्याला हात लावायचा नाही. पहिला अजून वही उतरवत असताना दुसरा उठवला, की बहुमत गेलंच.

रात्री दोन वाजता हे हातानं करणाऱ्या माणसाकडून घाई होऊ शकते. ऑपरेटर आला तो यासाठी.

ऑपरेटर म्हणजे माणूस नाही

आजकाल प्रोग्राम कंटेनरमध्ये ठेवतात. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान भरलेला डबा. हे डबे कुठे ठेवायचे, पडला तर पुन्हा कसा उभा करायचा, हे कुबरनेटिस बघतं. गूगलनं ते 2014 मध्ये जगापुढे आणलं.

पण कुबरनेटिसला डबा उचलणं कळतं, डब्यातला मुख्य मुनीम कोण ते कळत नाही. 2016 मध्ये कोअरओएस कंपनीनं यावर तोड मांडली. अनुभवी इंजिनिअर जे हातानं करतो, ते प्रोग्राम म्हणून लिहून ठेवायचं. त्याला नाव दिलं ऑपरेटर.

आता इंजिनिअर फक्त एवढंच लिहून देतो: सर्व्हर तीन, आवृत्ती अमुक. पुढचं ऑपरेटर करतो. प्रत्येक सर्व्हरला त्याचा ठरलेला क्रमांक आणि त्याचीच डिस्क परत देतो, एकेक बदलतो, तपासतो, मगच पुढे जातो. काफ्कासाठीचा स्ट्रिम्झी नावाचा ऑपरेटर झूकीपरचे सर्व्हर असेच एकेक बदलायचा, मुख्य सर्वांत शेवटी.

मग झंझट संपलं का?

नाही. ऑपरेटरला जे शिकवलं तेवढंच तो करतो.

झूकीपर 3.4 वरून 3.5 वर जाताना अनेकांचे सर्व्हर सुरूच होईनात. कारण छोटं होतं. नव्या आवृत्तीला माहितीच्या साठ्याची एक फाइल हवी होती. ज्यांच्याकडे ती अजून तयारच झाली नव्हती, त्यांचा डेटा हरवला असं समजून ती अडून बसली. सूचना आधी वाचणारे वाचले.

ऑक्टोबर 2021 मध्ये रोब्लॉक्स हा गेम 73 तास बंद होता. गडबड कॉन्सुल या समन्वय सेवेतच होती. तिची नवी सोय सुरू केल्यावर प्रचंड भाराखाली ती अडखळली. 20 ऑक्टोबर 2025 ला अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा कोलमडली, तेव्हा तर दोष स्वयंचलित यंत्रणेचाच होता. तिच्या दोन प्रतींचा ताळमेळ चुकला आणि एका मोठ्या डेटाबेसचा पत्ताच कोरा झाला.

आता आणखी एक बदल आला आहे. मार्च 2025 मध्ये आलेल्या काफ्का 4.0 नं झूकीपरची साथ पूर्ण सोडली. म्हणजे जुन्या जोडीवर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेला, सरकारी असो की खासगी, आज ना उद्या स्थलांतर करावंच लागणार.

आपण काय विचारायचं?

रोब्लॉक्स आणि अ‍ॅमेझॉन, दोघांनीही काय चुकलं ते सविस्तर लिहून जाहीर केलं. आपल्याकडे मुदतवाढीचं पत्र निघतं, पण बिघाड कशामुळे झाला हे लोकांपुढे ठेवायची पद्धत रुजलेली नाही.

म्हणून पुढच्या वेळी 'सर्व्हर डाऊन' दिसलं, तर मुदतवाढीसोबत तीन प्रश्न विचारा. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात अपग्रेड टाळलं होतं का? एक सर्व्हर पडला तर सेवा चालू राहते, याची हंगामाआधी चाचणी झाली होती का? आणि बिघाडाचा अहवाल कुठे वाचायला मिळेल?

ही यंत्रणा उभी करायला लागणारी बरीच साधनं मोफत मिळतात. त्यामुळे 'तंत्रज्ञान नाही' हे कारण आता चालण्यासारखं नाही. सोयाबीन कापणीला आलं की पुढच्या मुदतीत फोटो काढायला शेतात पीक उरत नाही.