कौल आणि विश्वास

आमच्या सुशिक्षित घरांतून देवाचें नांव रोज घेतलें जातें. परंतु त्याची खरी आठवण होते ती अपरिचित प्रसंगीं. मुलास समुद्रापार नोकरी मिळाली, मुलीनें दूरच्या शहरीं जाऊन शिकण्याचें मनांत घेतलें, किंवा घरांतील कर्ता पुरुष अकस्मात् गेला, म्हणजे वाडवडिलांचा अनुभव अपुरा पडतो, आणि मग कोणी तरी म्हणतें, "देवाला विचारूं या." हें विचारणें कोंकणांत कौल लावून होतें. देवाच्या अंगाला फुलें चिकटवावयाचीं, गुरवानें गाऱ्हाणें घालावयाचें, आणि उजवीकडचें फूल पडलें तर होकार, डावीकडचें पडलें तर नकार समजावयाचा. इतरत्र तेंच काम पत्रिका करते, आणि आतां तर ती मोबाइल फोनवरही पाहतां येते. साधन बदललें तरी प्रश्न तोच आहे. ह्या विचारण्यास आपण श्रद्धा म्हणतों. आमचें म्हणणें असें कीं, हा श्रद्धेचा अभाव आहे, आणि त्याची किंमत बहुधा विचारणाऱ्यास द्यावी लागत नाहीं. ज्याच्याविषयीं विचारलें जातें त्यास ती द्यावी लागते.

कौल मागणारा वास्तविक दिशा मागत नसून निकाल मागत असतो. हा मार्ग चांगला कीं वाईट, हा त्याचा प्रश्न नसतो; ह्या मार्गानें गेल्यास माझें कांहीं बुडेल काय, एवढेंच त्यास हवें असतें. सावकार कर्ज देण्यापूर्वीं तारण पाहतो, तसा हा भक्त पाऊल टाकण्यापूर्वीं देवाकडून तारण मागतो. आतां, ज्याच्यावर आपला खरा विश्वास आहे त्याच्याकडून आपण पदोपदीं हमी लिहून घेतों काय? पुढचें दिसत नसतांना चालावयाचें असतें म्हणूनच विश्वासाची गरज पडते. पुढचें सगळें आधींच कळावें असा ज्याचा आग्रह, त्यास देव नको आहे, जामीनदार हवा आहे.

देवावर सर्व भार टाकून स्वस्थ बसणें म्हणजे काय, ह्याचा एक दारुण दाखला मराठी वाचकांस परका नाहीं. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान् आणि निःसंशय भाविक गृहस्थ होते. पत्नीस संस्कृत शिकवावयाचें त्यांनीं ठरविलें तेव्हां समाज विरुद्ध गेला. त्यांनीं शास्त्रग्रंथ धुंडाळले, आपलें मत पक्कें केलें, आणि गंगामूळच्या अरण्यांत बिऱ्हाड नेऊन पत्नीस शिकविलें. पुढें द्रव्य सरलें, तीर्थयात्रा सुरू झाल्या, आणि १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत ह्या कुटुंबास दुष्काळानें गांठलें. त्या वेळची हकीकत रमाबाईंनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनांत सांगितली आहे. उपास, जप, तीर्थस्नानें, अनुष्ठानें झालीं. जवळ होतें नव्हतें तें देवाब्राह्मणांस दिलें. देव प्रसन्न होऊन द्रव्य देईल म्हणून वाट पाहिली. अंगमेहनतीची संवय नव्हती, आणि मागण्याची लाज होती. आई, बाप व थोरली बहीण थोड्या महिन्यांच्या अंतरानें अन्नावांचून गेलीं. रमाबाईंनीं हें ख्रिस्ती झाल्यावर लिहिलें, म्हणून कोणी ती साक्ष बाजूस सारूं पाहतील; परंतु उपासमारीस कोणताच धर्म नसतो.

अनंतशास्त्र्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. उलट, ह्या एकाच पुरुषाच्या आयुष्यांत विश्वासाचीं दोन रूपें शेजारीं शेजारीं दिसतात, हें आम्हांस दाखवावयाचें आहे. पत्नीस शिकवितांनाही त्यांनीं देवाचीच इच्छा शोधली. पण ती शास्त्र, बुद्धि आणि स्वतःचें मन ह्यांच्या द्वारां शोधली, आणि उत्तर मिळाल्यावर त्याचा भार स्वतःच्या शिरावर घेतला. दुष्काळांत मात्र त्यांनीं चमत्काराची वाट पाहिली. पहिल्या विश्वासानें घरांत जी विद्या आणली तिच्याच बळावर त्यांच्या मुलीस १८७८ सालीं कलकत्त्यास 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या मिळाल्या. दुसऱ्यानें तें घरच रिकामें केलें.

आतां ह्याच्या उलट उदाहरण पाहा. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथें आनंदीबाई जोशी सभेपुढें बोलावयास उभ्या राहिल्या. त्यांस अठरावें वर्ष चालूं होतें. अमेरिकेस वैद्यक शिकावयास जाण्याचा त्यांचा बेत ऐकून लोक जें विचारीत त्याचे त्यांनीं स्वतःच सहा प्रश्न केले: अमेरिकेस कां जातां? हिंदुस्थानांत शिकण्याची सोय नाहीं काय? एकट्या कां जातां? परत आल्यावर वाळींत पडणार नाहीं काय? संकट ओढवलें तर काय कराल? आणि कोणत्याही स्त्रीनें जें केलें नाहीं तें तुम्हीच कां करावें? ह्यांहून अधिक अपरिचित परिस्थिति कोणती असूं शकेल? बाईंनीं एकेका प्रश्नास उत्तर दिलें. मला दृष्टांत झाला, असें सांगून त्यांनीं कोणाचें तोंड बंद केलें नाहीं. वयाच्या चौदाव्या वर्षीं झालेलें त्यांचें मूल दहा दिवसांत गेलें होतें, आणि ह्या देशांत स्त्रियांस स्त्री वैद्य हवी, हें त्यांस दिसत होतें. आम्ही विचारतों, ईश्वर दिशा दाखवितो ती ह्याहून निराळ्या कोणत्या रीतीनें? हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन, असें सांगून ७ एप्रिल १८८३ रोजीं त्यांनीं कलकत्ता सोडलें, आणि ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली.

येथें कौलाचे कैवारी आम्हांस हटकतील. ते म्हणतील, "पुढें काय झालें तें सांगा." सांगतों. कोल्हापूरच्या रुग्णालयांत नेमणूक झाली होती. पण ती जागा भरण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. मग देवाची आज्ञा मोडल्याचें हें फळ म्हणावयाचें काय? ज्यांनीं जन्मांत उंबरा ओलांडला नाहीं अशा किती स्त्रिया त्या काळीं क्षयानें व बाळंतपणांत गेल्या! त्यांनीं कोणती आज्ञा मोडली होती? आणि फळावरूनच दिशेची परीक्षा करावयाची, तर अनंतशास्त्र्यांच्या अनुष्ठानाचा निकाल काय लावणार? मृत्यु आला म्हणून आनंदीबाईंची वाट चुकीची ठरत असेल, तर त्याच न्यायानें जपतपही चुकीचें ठरेल. हा न्याय त्यांस परवडणारा नाहीं, आणि आम्हांसही मान्य नाहीं.

कोणी गीतेचा आधार पुढें करील, कीं भगवंतानें सर्व सोडून शरण यावयास सांगितलें आहे. खरें आहे, परंतु त्याच अठराव्या अध्यायांत, त्याच्या अगोदर थोडेच श्लोक, सर्व ज्ञान सांगून झाल्यावर पुढचा निर्णय अर्जुनाच्या विचारावर सोपविला आहे, हें हे लोक वाचीत नाहींत काय? प्रत्यक्ष भगवंत समोर असतांही अर्जुनानें युद्धाचा कौल लावला नाहीं; त्यानें शंका विचारल्या, आणि शंका फिटल्यावर 'सांगशील तसें करीन' म्हटलें. सारथ्य श्रीकृष्णाचें होतें, पण धनुष्य अर्जुनासच उचलावें लागलें.

दुसऱ्या बाजूनें कोणी बुद्धिवादी म्हणतील, "विचार माणसानेंच करावयाचा, भारही त्यानेंच वाहावयाचा, मग देव हवा कशाला?" त्यांस आमचें उत्तर असें: बुद्धि मार्गाची निवड करील, पण निवडलेल्या मार्गावर अपयश आलें असतां मन ताठ ठेवण्याचें बळ पुष्कळांस बुद्धींतून मिळत नाहीं. फळ आपल्या हातीं नाहीं हें मनापासून मानणारा माणूस निर्भयपणें योग्य तें करूं शकतो, आणि अपयशांतही कडवट होत नाहीं. विश्वासाचा एवढा उपयोग आम्हांस पुरेसा वाटतो. ज्यांस त्यावांचून हें साधतें त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं.

आमचें भांडण आहे तें घरांतल्या त्या वडीलधाऱ्यांशीं, जे आपल्या भीतीस देवाची इच्छा म्हणतात. मुलीस दूर पाठविण्याचें धैर्य आपल्यांत नाहीं, असें बाप स्पष्ट म्हणेल तर ती त्याच्याशीं वाद करूं शकेल. कदाचित् त्याचें मन वळवूं शकेल. पण "कौल आला नाहीं," "ग्रह अनुकूल नाहींत," असें म्हटलें कीं तिचें तोंड बंद होतें. कारण आतां तिला बापाशीं नव्हे, देवाशीं भांडावयाचें असतें. निर्णय बापाचा, नांव देवाचें, आणि वर्षें वायां गेलीं तीं मुलीचीं! दहा वर्षांनीं ती विचारील तेव्हां जाब द्यावयास कोणी नसतें. देवाच्या नांवाचा ह्याहून हलका उपयोग आम्हांस माहीत नाहीं.

तेव्हां आमच्या वाचकांस विनंति इतकीच. अपरिचित प्रसंग आला म्हणजे देवापुढें अवश्य बसावें. त्याच्याकडे बुद्धि मागावी, स्वार्थ ओळखण्याची दृष्टि मागावी, धैर्य मागावें. जाणत्यांस विचारावें, ज्याचें आयुष्य पणास लागलें आहे त्यास सर्वांत अगोदर विचारावें. आणि मग जें ठरेल त्याखालीं सही स्वतःची करावी, देवाची करूं नये.