आजीची जीभ आणि माझी वही

आजी आंबील करायची. नाचणीचे पीठ ताकात कालवून मडक्यात रात्रभर ठेवायचे, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून शिजवायचे, मीठ, जिरे, लसूण घालायचा. एवढी कृती मावळात कोणीही सांगेल. पण मडके केव्हा तयार झाले, हे तिच्या जिभेलाच ठाऊक. बोट बुडवून ती चाखायची आणि म्हणायची, "अजून आंबली न्हाय."

सुट्टीत मी लोणावळ्याच्या एका बंगल्यावर काम करतो. तेथे उतरलेल्या एका पाहुण्यांना परदेशात असताना घरी बिअर करण्याचा छंद होता. माल्ट किती, हॉप्स किती हे मोबाइलमध्ये भरले, की कडूपणा किती येईल आणि मद्यार्क किती होईल याचा हिशेब निघतो, हे त्यांनी दाखविले. आंबवण्यापूर्वी द्रवाची घनता १.०५० आणि शेवटी १.०१० भरली, तर मद्यार्क साधारण ५ टक्के. शिवाय प्रत्येक खेपेचा रंग, वास, चव ते वहीत लिहीत. जीभ अशीच तयार होते, असे ते म्हणाले. मला आजी आठवली. पण आंबिलीचे नाव काढायची मला लाज वाटली. त्या लाजेपायीच हा लेख लिहीत आहे.

गैरसमज नको. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी मद्य करणे गुन्हा आहे, आणि हातभट्टीने उद्ध्वस्त केलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. मी दारूची वकिली करीत नाही. माझा प्रश्न निराळा आहे. बार्लीला मोड आणून वाळविले की माल्ट. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली की आपले सत्त्व. तेथे यीस्ट साखरेचे मद्य करते, येथे ताकातले जीवाणू आंबटपणा आणतात. मग त्यांचे ते शास्त्र आणि आजीचे ते नुसते अडाण्याचे खाणे, असे का?

कोणी म्हणेल, आजीचा अंदाज वहीत मावत नाही. खरे आहे, वही चाखत नाही. पण आजी गेल्या वर्षी वारली आणि तिचा अंदाज तिच्याबरोबर गेला. आई आणि मी तीनदा आंबील केली. दोनदा कच्ची, एकदा तोंडात घालवेना इतकी आंबट. चैत्रात मडके लवकर आंबते, आषाढाच्या गारठ्यात रेंगाळते, हे आम्हांला नासाडी करूनच कळले. आता मी पीठ, ताक, तास, हवा आणि चव लिहून ठेवतो. सातव्या खेपेला आई म्हणाली, "जवळ आली."

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या बाया गात होत्या तेव्हा जात्यातून पीठही पडत होते. त्या पिठाचे पुढे काय होई, हेही ज्ञानच आहे. आपल्या मराठी विभागाने ओव्यांप्रमाणे अशा कृतींच्या नोंदींनाही प्रकल्प म्हणून मान्यता द्यावी, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे.

आणि मित्रहो, येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा वही, मापाची वाटी आणि घड्याळ घेऊन आजीजवळ बसा. ती हसेल. हसू द्या, पण चाखताना ती काय म्हणते, ते लिहून घ्या.