पदर उलटून बघा

तुळशीची लग्नं उरकली की दादरला पाय ठेवायला जागा उरत नाही. रानडे रोड, कबुतरखाना, पूर्वेला हिंदमाता. जिकडेतिकडे लग्नाचा बस्ता बांधायला निघालेली कुटुंबं आणि दुकानादुकानांत पैठणी. २००४ साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’नं ती चाळीतल्या खोलीपर्यंत आणली, पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत ती मोटारसायकलवर बसली. छानच झालं. पण मागणी वाढली तसा यंत्रमागाचा मालही वाढला, आणि तो हातमागाच्या भावानं गळ्यात मारणारेही आले. म्हणून यंदा खरेदीला निघालेल्या मावश्या-काकूंना आणि पाकीट काढणाऱ्या काकांनाही विनंती: पदर उलटून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

उलटून काय बघायचं? हातानं विणलेल्या पदरात मोराच्या प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते. विणकर तो धागा मोराच्या कडेपर्यंत नेतो, शेजारच्या जरीत अडकवतो आणि मागे वळवतो. त्यामुळे नक्षी उलट्या बाजूनंही जवळजवळ तशीच दिसते. यंत्रमागावर धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. मागे त्याचे लांब दोरे लोंबतात, नाहीतर कापल्याच्या खुणा राहतात. कधी त्यावर जाळीचं अस्तर लावलेलं असतं. ‘नखं अडकू नयेत म्हणून’ असं सांगतील. तेही खरं, पण दोरे आहेत म्हणूनच नखं अडकतात ना!

इथं एक खोच आहे. ब्रॉकेड काठाच्या पैठणीत काठ जॅकार्डवर निघतो, हातमागावरसुद्धा. म्हणजे काठाच्या मागे दोरे दिसले म्हणून लगेच दुकानदारावर डोळे वटारू नका. निवाडा पदरावर करा. हातानं विणलेले दोन मोर शेजारीशेजारी ठेवून पाहिले तर केसभर फरक सापडतो. तो दोष नव्हे.

शिक्क्यांचाही घोळ होतो. सिल्क मार्क म्हणजे रेशीम अस्सल, एवढंच. अस्सल रेशीम यंत्रमागावरही विणता येतं. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे, तो २००६पासून. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, पण पाटीवर ‘येवला’ लिहिलं म्हणजे खात्री झाली असं नाही. खुद्द येवल्यातही यंत्रमागाची साडी मिळते. इटलीत व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या काचकामगारांचंही हेच दुखणं. बाहेरून आलेली काच त्यांच्या नावानं खपू लागली, तेव्हा तिथल्या प्रादेशिक सरकारनं १९९४ साली खऱ्या मालासाठी वेगळं चिन्ह ठरवलं.

जरीचंही विचारा. खरी जरी म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. ‘टेस्टेड’ म्हणतात तीत तांब्याची तार असते, आणि त्याखालची नुसतीच चकाकणारी. टेस्टेड घेण्यात कमीपणा काही नाही, फक्त भाव तिचाच द्या. रेशमाची शंका असेल तर पदराच्या टोकाचा सुटा दोरा मागून घ्या आणि घरी जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, राख चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

बजेट कमी असेल तर? ‘सेमी पैठणी’ जरूर घ्या, हळदीकुंकवाला मिरवा, फक्त सेमी म्हणून घ्या. साध्या पदराची हातमागाची साडी विणायलाही काही आठवडे जातात, भरगच्च पदराला कित्येक महिने. दीड-दोन हजारांत कुणी ‘हातमागाची’ म्हणून देत असेल तर त्यात विणकराची मजुरी कुठं बसते, हा हिशेब दुकानातच करा. माझं मत विचाराल, तर पैसे बेताचे असताना अंगभर मोरांचा नकली थाट घेण्यापेक्षा लहान पदराची, बारीक बुट्टीची हातमागाची साडी बरी.

जायचं तर मधल्या वारी दुपारी जा. रविवारी संध्याकाळी दुकानातल्या माणसाला घडी मोडायलाही फुरसत नसते. साडी दाराशी नेऊन उजेडात रंग पाहा. धूपछाव रंग ट्यूबलाइटखाली कळत नाही. आणि बिलावर ‘हातमाग, शुद्ध रेशीम’ असं लिहून मागा. तोंडी दहा वेळा ‘ओरिजिनल’ म्हणणारा हे दोन शब्द लिहिताना अडखळला, तर साडी काउंटरवर ठेवून पुढचं दुकान गाठा.