मसुराच्या आकाराची दीर्घिका आणि आमची प्रयोगवही

औंढा नागनाथाच्या प्राचीन देवालयामुळे आमच्या हिंगोली जिल्ह्याचे नाव महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. त्याच औंढ्याच्या परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्याचे योजिल्यामुळे ते आता जगातील शास्त्रज्ञांच्याही तोंडी आले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये या कार्यास सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली व ११ मे २०२३ रोजी त्याची पायाभरणी झाली. तेव्हापासून पालकमंडळींचा एक प्रश्न वारंवार कानी येतो: ‘याचा आमच्या मुलांस उपयोग काय?’ या प्रश्नाचे उत्तर एका दूरच्या दीर्घिकेच्या वृत्तांतात आहे, असे आमचे मत आहे. आणि ते उत्तर थेट विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीपाशी येऊन पोचते.

वैशाखातील रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले असता चित्रा नक्षत्राची तेजस्वी तारका उंच दिसते. तिच्या खाली, वासुकी नामक तारकासमूहाच्या शेपटीकडे, नुसत्या डोळ्यांस न दिसणारी एक दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एक मेळावा आहे. विल्यम हर्शेल याने १७८९ साली ती प्रथम दुर्बिणीतून पाहिली. ज्योतिषशास्त्रज्ञांच्या यादीत तिचे नाव ‘एनजीसी ४९९३’ असे आहे. ती इतर दीर्घिकांच्या एका लहानशा समूहात वसते. तिचा आकार भिंगासारखा, अर्थात मसुराच्या दाण्यासारखा, मध्ये फुगीर व कडेला पातळ असा आहे. तिच्यापासून निघालेला प्रकाश आम्हांपर्यंत येण्यास सुमारे १३ कोटी वर्षे लागतात. आमच्या शेतांखालचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यापासून झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. म्हणजे हा पाषाण निर्माण झाला तेव्हा त्या प्रकाशाने निम्मी वाट चालून संपविली होती!

त्या दीर्घिकेत दोन अतिघन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत अखेर एकमेकांवर आदळले. त्या आघाताच्या गुरुत्वीय लहरी १७ ऑगस्ट २०१७ रोजी पृथ्वीवर पोचल्या. अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळांना, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या भुजांच्या साहाय्याने, त्या लहरी स्पष्ट जाणविल्या. त्या भुजांच्या लांबीत पडलेला फरक अणुकेंद्राच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान होता. इटलीतील ‘व्हर्गो’ ही तिसरी वेधशाळा त्याच महिन्याच्या १ तारखेस निरीक्षणात सामील झाली होती. परंतु तिला मात्र जवळजवळ काहीच जाणविले नाही.

विद्यार्थिमित्रहो, येथे क्षणभर थांबा. दोन थोरल्या बहिणींनी ‘ऐकले’ असे सांगितल्यावर धाकटीने ‘मला ऐकू आले नाही’ असे सांगणे किती अवघड! तथापि व्हर्गोच्या शास्त्रज्ञांनी जे दिसले तेच नोंदविले, आणि त्या नकारानेच मोठे काम केले. अशा प्रत्येक यंत्रास आकाशातील काही दिशा नीट ऐकू येत नाहीत. व्हर्गो गप्प राहिली, त्या अर्थी लहरी तिच्या या बहिऱ्या दिशांजवळूनच आल्या असल्या पाहिजेत, असे अनुमान निघाले व शोधावयाचे आकाश पुष्कळच लहान झाले. पुढे सुमारे अकरा तासांत चिलीमधील दुर्बिणीतून त्या मसुराकार दीर्घिकेत प्रकाशाचा एक नवा ठिपका दिसला. त्या प्रकाशाच्या परीक्षणावरून तेथे जड मूलद्रव्ये निर्माण झाल्याचे दिसून आले. आमच्या आयाबहिणींच्या अंगावरचे सोने विश्वात कसे घडले असावे, याचा एक मार्ग त्यामुळे उमगला.

आता आमच्या प्रयोगशाळांकडे वळू. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढण्याचा प्रयोग बहुतेक विद्यार्थी करितात. भिंगाच्या खोक्यावर १० सेंटिमीटर असे छापलेले असते. आणि काय आश्चर्य, वर्गातील सर्वांच्या वहीत १० च उतरते! कोणी मागील वर्षाच्या वहीवरून उतरवून घेतो, कोणी उत्तर आधी लिहून आकडे मागाहून जुळवितो. ज्याला खरोखर १०.६ आले, तो भीतीने ते खोडून टाकितो. या दोषातून शिक्षकवर्गही सुटत नाही. कारण जुळलेल्या आकड्यास पूर्ण गुण व न जुळलेल्या आकड्यास लाल रेघ, हा आमच्यापैकी कित्येकांचा परिपाठ होऊन बसला आहे. आमचे स्पष्ट मत असे की, न जुळणारा परंतु खरा आकडा लिहिणाऱ्या मुलास अधिक गुण मिळाले पाहिजेत, आणि फरक का पडला हे त्याच्याकडून शोधवून घेतले पाहिजे.

कोणी म्हणतील, परीक्षेत गुण न मिळाल्यास मुलाचे भवितव्य काय? ही चिंता खोटी नव्हे. ऊसतोडीस जाणाऱ्या वा हळदीच्या भावावर संसार चालविणाऱ्या बापास एकेक गुण मोलाचा वाटतो, आणि वेधशाळेमुळे हळदीचा भाव वाढणार नाही, हेही खरेच. परंतु औंढ्यास जी यंत्रे येतील, त्यांस निर्वात नळ्या जोडणारे, विजेची उपकरणे सांभाळणारे व आकडे वाचणारे हात लागतील. ते हात बाहेरून आणावयाचे, की आमच्या मुलामुलींचे असावयाचे? गुणपत्रिका एखादे वेळी दार उघडील. परंतु न पाहिलेला आकडा लिहिणाऱ्यास अशा यंत्राजवळ कोणीही उभे करणार नाही.

प्रभूने डोंगरावरील प्रवचनात साध्या होकाराचे व साध्या नकाराचे मोल शिकविले. ते मोल केवळ उपासनामंदिरापुरते नाही. ते प्रयोगशाळेतील मोजपट्टीसही लागू आहे. यास्तव पालकांस आमची विनंती आहे की, त्यांनी या वर्षी पाल्याची प्रयोगवही एकदा हाती घ्यावी व ‘गुण किती?’ असे विचारण्यापूर्वी ‘हा आकडा तू स्वतः पाहिलास काय?’ एवढे विचारावे. ज्यांस अक्षरओळख नाही, त्यांसही हा प्रश्न विचारता येईल.