अक्षरे बारीक का झाली?

आयुष्यभर एकाच प्रकारचे रेखाटन केलेल्या माणसाने उतारवयात नव्या कलेच्या वाटेला जावे काय, असा प्रश्न मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात अधूनमधून येतो. विचारणारी बहुधा सून असते, आणि तिचा खरा रोख घरभर सांडलेल्या शाईवर असतो.

अशा वेळी मला प्रा. र. कृ. जोशी आठवतात. जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून काम करता करता त्यांनी कविता आणि सुलेखन तितक्याच आस्थेने जोपासले. पवईच्या आयआयटीत त्यांनी अध्यापन केले, आणि संगणकाच्या पडद्यावर आपण वर्षानुवर्षे वाचत आलो तो ‘मंगल’ हा देवनागरी टंकही त्यांचाच. २००८ साली ते निवर्तले. पेशा एक आणि ओढ दुसरी, असे त्यांच्या बाबतीत वेगळे काढताच येत नाही.

माझ्या परिचयातील एक गृहस्थ (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत) कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढत असत. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी बोरू हाती घेतला. “डॉक्टर, जन्म सरळ रेषेत गेला, आता जरा वळणे काढतो,” असे ते म्हणाले. जुन्या शिस्तीनुसार वहीच्या प्रत्येक पानावर तारीख असे.

पुढे त्यांचा उजवा खांदा आखडला. मी तो ‘फ्रोझन शोल्डर’ समजून कित्येक महिने वेदनाशामके दिली, व्यायाम सांगितले. गुण येईना. एके दिवशी त्यांनी कौतुकाने ती वही दाखवली. पहिल्या पानांवरची अक्षरे अंगठ्याएवढी टपोरी होती. अलीकडच्या पानांवर ओळ बरी सुरू होई, पण शेवटाकडे अक्षरे आक्रसत जात. त्यांनी दोष कागदाला दिला. मी त्यांना चालून दाखवायला सांगितले. डावा हात झुलत होता, उजवा अंगाला चिकटलेला. मज्जाविकारतज्ज्ञांनी पार्किन्सनचे निदान केले.

त्यांचा हात थरथरत नव्हता, म्हणून कोणालाच शंका आली नव्हती, मलाही नाही. कंप नाही म्हणजे पार्किन्सन नाही, असे मुळीच नव्हे. अक्षर बारीक होणे, एक खांदा आखडणे, बटणे लावायला वेळ लागणे, चालताना एक हात न हलणे ही लक्षणे कंपाच्या आधीही दिसू शकतात. घरातील ज्येष्ठांची जुनी वही, हिशेब किंवा धनादेशावरची सही ताज्या अक्षराशेजारी ठेवून पाहा. फरक दिसला तर घाबरू नका, पण ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडूनही देऊ नका.

सुलेखनाने हा आजार बरा होत नाही, हे स्पष्ट सांगतो. मात्र रुंद आखलेल्या कागदावर, मुद्दाम मोठे काढायचे असे मनाशी ठरवून लिहिल्यास अक्षर सुधारते, हे मी त्यांच्या वहीत पाहिले आहे. पंधरा-वीस मिनिटे लिहून हाताला विसावा द्यावा. औषध ठरल्या वेळीच घ्यावे आणि परस्पर कधीही बंद करू नये. काही रुग्णांत प्रथिनयुक्त आहारासोबत घेतल्यास लेव्होडोपाचा परिणाम मंदावतो. जेवण आणि गोळी यांतील अंतर आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

त्यांच्या सुनेने आता खिडकीपाशी एक टेबल रिकामे करून त्यावर जुने मेणकापड अंथरले आहे. ‘ळ’ तेवढा अजून आखडतो, अशी त्यांची तक्रार आहे.